आमच्या घराचा इतिहास कोण लिहिणार?

इतिहासाच्या पेपरात आपल्याला पुष्कळ काही विचारले जाते. नागपूर शहर कोणी वसविले? अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शहाने. भोसल्यांचे राज्य कसे गेले? तिसरे रघुजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. एम्प्रेस मिल केव्हा सुरू झाली? १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी. म्हणून तर गिरणीचे नाव एम्प्रेस. ही उत्तरे आपण पाठ करतो, लिहितो आणि मार्क मिळवतो. परंतु अशाच एखाद्या गिरणीत ज्याने उभा जन्म काढला तो माणूस नागपुरात कोठून आला, कशासाठी आला, त्याच्याबरोबर कोण होते आणि मागे कोण राहिले, हे कोणत्याही पेपरात विचारले जात नाही. पेपरात नाही म्हणून वर्गात नाही, वर्गात नाही म्हणून घरात नाही. आणि घरातला तो जुना माणूस गेला की उत्तर देणारा कोणी उरत नाही.

माझे म्हणणे असे की, आपल्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींनी आपापल्या घराचा इतिहास शोधून लिहून काढला पाहिजे. ही हौस नव्हे, हे आपले काम आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. नागपूर हे आलेल्यांचे शहर आहे. गोंड राजा देवगडाहून आला, भोसले पश्चिमेकडून आले. त्यांच्या मागे विणकर आले, हलवाई आले, कारकून आले. १८६७ साली रेल्वे आली आणि पाठोपाठ गिरण्या आल्या, तेव्हा भंडारा, उमरेड, चांद्याकडची माणसे आली, छत्तीसगडातून मजुरांच्या टोळ्या आल्या. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली आणि जरीपटका वसला. म्हणजे आज जो मोठ्या अभिमानाने 'आम्ही अस्सल नागपूरकर' म्हणतो, त्याच्याही घरी कोणीतरी, केव्हातरी, डोक्यावर गाठोडे घेऊन या गावात पाय ठेवलेला आहे. फरक इतकाच की काहींच्या गाठोड्यात कागद होते आणि काहींच्या गाठोड्यात नव्हते.

आमच्या घरी कागद नव्हते. आमचे घर पूर्वी महार म्हणून ओळखले जाई. १४ ऑक्टोबर १९५६ पासून आम्ही बौद्ध आहोत. बारावीनंतर मला जातीचा दाखला काढावा लागला. त्यासाठी पुरावा हवा तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, कारण त्या तारखेला अनुसूचित जातींचा आदेश निघाला. आजोबा त्यांच्या वडिलांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेले होते, शाळेत मात्र फारसे गेले नाहीत. वडील दहावीपर्यंत शिकले, परंतु त्यांनी कधी दाखला काढला नव्हता. तेव्हा शोधायचे ते पणजोबांना, आणि पणजोबा तर १९७० च्या आधीच गेलेले.

यातला विचित्रपणा आपल्या लक्षात आला असेल. जो शब्द पणजोबांनी हजारो-लाखो माणसांच्या साक्षीने टाकून दिला, तोच शब्द त्यांच्या नावापुढे कोठे लिहिलेला सापडतो काय, हे त्यांचा पणतू तहसील कचेरीत जाऊन शोधतो. सापडला तर आनंद! बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या यादीत जागा मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर ३४ वर्षे गेली होती. ही जागा मिळाली म्हणून मी आज कॉलेजात बसलो आहे, हे मी विसरत नाही. परंतु पूर्वजांशी आपली पहिली ओळख व्हावी ती 'जात' या एका रकान्यात, हे काही बरोबर नाही.

आता तो कागद कसा सापडला ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे आहे. जुन्या मध्य प्रांतात गावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत होत असे. कोणाकडे मूल झाले, कोण मेले, हे कोतवाल पोलीस ठाण्यात जाऊन सांगे आणि तेथला मुनशी ते लिहून घेई. आपल्या भागात पुष्कळ गावी हा कोतवाल आमच्याच समाजाचा असे आणि बहुधा त्याला अक्षरओळख नसे. गावाच्या जन्ममरणाची वही ज्याच्या काखेत, त्याला स्वतःचे नाव त्या वहीत वाचता येत नव्हते! आज त्याच वहीची नक्कल मिळावी म्हणून सगळा विदर्भ तहसिलीच्या रेकॉर्ड रूमपुढे उभा असतो.

आम्ही अर्थातच आमच्या गावची, म्हणजे उमरेडकडची वही पाहिली. काही नव्हते. दोनदा पाहिली, तरी नव्हते. मग आजोबांच्या थोरल्या बहिणीने, माझ्या आत्याआजीने, एका वाक्यात निकाल लावला. ती म्हणाली, "अरे, पयलं बायतपन मायरी होते. तुह्या पनजोबाचा जलम त्याच्या मामाच्या गावी झाला, पवनीकडे. तिकडं पाहा ना." पवनीच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठच्या एका लहानशा गावच्या वहीत १९१३ सालची नोंद निघाली. बापाचे नाव, जात, तारीख, आणि पुढे एकच शब्द, 'मुलगा'. मुलाचे नाव नाही. आणि जिच्या माहेरी तो जन्मला, जिच्यामुळे ती नोंद त्या गावी झाली, त्या आईचे नाव तर मुळीच नाही.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते या गोष्टीने. वंशावळीच्या कागदावर आपण बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असे लिहीत जातो. सरकारही तसेच मागते. त्या शिडीवर एकही बाई नसते. परंतु आमची शिडी जेथे तुटली होती तेथे ती सांधली गेली एका बाईच्या आठवणीने आणि दुसऱ्या बाईच्या माहेराने. आत्याआजीला विचारण्याचे आमच्या घरात कोणालाही आधी सुचले नव्हते, कारण 'बायकांना काय माहीत!' खरे पाहता गाव सुटते तेव्हा गावाची वाट बायकांनाच लक्षात राहते, कारण माहेर सोडून येण्याची सवय त्यांनाच असते.

त्या दिवसानंतर मी आत्याआजीजवळ वही घेऊन बसू लागलो. तिच्याकडून कळले ते असे. खापरपणजोबा नागपुरात आले ते दुष्काळात. मध्य प्रांतात १८९६-९७ साली आणि लगेच १८९९-१९०० साली असे दोन मोठे दुष्काळ पडले. आमचे घर निघाले ते दुसऱ्या दुष्काळात. ते पायी आले. बरोबर एक लहान बहीण होती, ती वाटेत वारली. तिचे नाव कोणाला ठाऊक नाही, परंतु आमच्या घरी जेवताना ताटातला एक घास बाजूला काढून ठेवण्याची जी रीत होती ती तिच्यासाठी, असे आत्याआजी म्हणते. हे कोणत्या वहीत लिहिले असेल? हे फक्त ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका बाईच्या डोक्यात आहे. आणि मी वही काढली नसती तर ते तिच्याबरोबरच गेले असते.

आता थोडे दूर जाऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान पोलंडला गेले. तेथे वॉर्सा शहरातल्या 'कोल्हापूर स्मारका'ला त्यांनी पुष्पचक्र वाहिले, अशी बातमी आपण वाचली असेल. आपले कोल्हापूर, आणि त्याचे स्मारक पोलंडच्या राजधानीत! हे काय गौडबंगाल आहे म्हणून मी वाचत गेलो, आणि जे वाचले त्यामुळे माझा हा लेख लिहिण्याचा निश्चय पक्का झाला.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर जमिनी देऊन वसविलेल्या माजी सैनिकांची कुटुंबे होती. फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत रशियन शिपायांनी ही वसाहतकऱ्यांची कुटुंबे, जंगलखात्यातली माणसे, आणि पुढच्या महिन्यांत आणखी कित्येक घरे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठविली. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या पोलिश लोकांची सुटका झाली. सुटलेल्यांपैकी कित्येकजण अर्धपोटी अवस्थेत इराणात पोहोचले. त्यांतील मुले प्रथम नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतली. आणि १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे येथे मोठी छावणी उघडली गेली. तेथे सुमारे ५००० पोलिश माणसे राहिली, बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. १९४८ पर्यंत छावणी चालली. मग कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडा-अमेरिकेत, तर कोणी परत पोलंडला. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक आले. आज ते गांधीनगर म्हणून प्रसिद्ध आहे.

येथपर्यंत ही हकीकत दुःखाची आणि माणुसकीची आहे. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. इराण-इराकमध्ये पोहोचताच, पोटात धड अन्न नसताना, सेनापती अँडर्स यांच्या पोलिश सैन्याने सुटून आलेल्या माणसांकडून लेखी जबान्या घेतल्या. तुम्हाला कोठून नेले, गाडीत किती दिवस होता, बरोबर कोण होते, कोण वाटेत गेले. मोठ्यांना विचारले तसे शाळकरी मुलांनाही विचारले, आणि मुलांनी आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून दिले. ते कागद आज अमेरिकेतील हूव्हर संस्थेत जपून ठेवलेले आहेत. वळिवड्याची मुले म्हातारी झाली तेव्हा त्यांनी 'हिंदुस्थानातील पोलिश' अशी आपली संस्था काढली, आपापल्या आठवणी आणि फोटो एकत्र करून जाडजूड ग्रंथ छापला. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. २०१९ साली यांतील काही वृद्ध आणि त्यांचे वंशज पुन्हा वळिवड्याला आले. आजही एखादी पोलिश नात आपल्या आजीचे नाव शोधू लागली तर तिला कोठेतरी धागा सापडतो, कारण ज्या वेळी विचारायला हवे होते त्या वेळी कोणीतरी विचारले होते.

कोणाचे दुःख मोठे आणि कोणाचे लहान, अशी तुलना मला करायची नाही. ती करूही नये. शिवाय त्यांच्यात आणि आमच्यात फरक होता; ती माणसे लिहू-वाचू शकत होती, आणि त्यांच्यामागे परागंदा का होईना एक सरकार उभे होते. १९०० साली उमरेडच्या वाटेवर जी पोरगी वारली तिच्या भावाला जबानी द्या म्हणणारा कोणी नव्हता. आमच्याविषयी लिहिले गेले ते साहेबांनी लिहिले. रसेलसाहेब आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यांत आमच्या रीतिभाती आहेत, सण आहेत, कामधंदे आहेत. परंतु 'त्यांच्यात अशी चाल आहे' असे लिहिणे वेगळे, आणि 'आमच्या आईने असे केले' असे सांगणे वेगळे. पहिल्यात माणूस नमुना असतो, दुसऱ्यात माणूस माणूस असतो.

मात्र आमच्यातही विचारणारे निघाले, आणि ते याच नागपूरशी संबंधित आहेत याचा मला अभिमान वाटतो. वसंत मून यांनी 'वस्ती' या आत्मकथनात (१९९५) नागपुरातल्या आपल्या वस्तीचे सारे जग उभे केले. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांचा शोध घेतला, त्यांना घरी जाऊन गाठले, आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. नागपुरात रेल्वे स्टेशनवरचे ओझे वाहणाऱ्या आणि पुढे आपल्या मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी आपल्याला ठाऊक झाल्या त्या अशाच शोधामुळे. जुलै १९४२ मध्ये याच शहरात अस्पृश्य समाजातील महिलांची मोठी परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेला आपल्या कोणाची पणजी गेली होती काय? हे घरी कोणी विचारले आहे काय?

आता माझ्या म्हणण्यावर आक्षेप घेतले जातील. तीन आक्षेप तर मी ऐकलेच आहेत.

पहिला आक्षेप माझ्या आजोबांचाच. मी आत्याआजीजवळ वही घेऊन बसलो की ते चिडतात. म्हणतात, "अबे, छप्पनच्या आंधीचं कायले उकरून राहिला तू? तो नरक होता. आपला जलम दीक्षाभूमीवर झाला. तिथून लिही." त्यांच्या या बोलण्याला मी हसण्यावारी नेत नाही. बाबासाहेबांनी जो नवा जन्म दिला त्याच्या मागे जाऊन जुनी राख चिवडायची कशाला, हा प्रश्न खरा आहे. परंतु मला नम्रपणे असे वाटते की, जे सोडले ते किती जड होते हे कळल्याशिवाय सोडणाऱ्याचे बळ कळत नाही. राजस्थान-गुजरातेकडे १८९९-१९०० च्या दुष्काळाला छप्पनिया म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होते. त्या छप्पन साली आमचे लोक भुकेने गाव सोडून निघाले, आणि दुसऱ्या छप्पन साली, इसवी सन १९५६ मध्ये, स्वतःच्या निर्णयाने धर्म सोडून निघाले. पहिल्या निघण्यात लाचारी होती, दुसऱ्यात ताठ मान होती. ही मधली वाट माझे लोक कसे चालले, हे मला समजले पाहिजे. नाहीतर दीक्षेचा दिवस आकाशातून पडल्यासारखा होईल. हे मी आजोबांना सांगितले. त्यांनी मान्य केले नाही. पण वही हिसकावूनही घेतली नाही. उलट परवा आत्याआजी गिरणीच्या पाळीच्या वेळा सांगत होती तेव्हा ते दुसऱ्या खोलीतून ओरडून म्हणाले, "चुकीचं सांगून राहिली ते! भोंगा त्याच्या आंधी व्हायचा."

दुसरा आक्षेप एका हुशार मित्राचा. तो म्हणतो, वंशावळ हे जातिव्यवस्थेचेच हत्यार आहे. भाटांच्या पोथ्या काय, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या काय, कोण कुणाच्या पोटचा, कुणाचे रक्त शुद्ध, हेच त्यांत पाहिले जाते. तू तेच आपल्या घरात आणतोस काय? मला त्याचे म्हणणे अर्धे पटते. आपण कोण्या राजाचे, कोण्या सरदाराचे वंशज आहोत हे सिद्ध करण्यासाठी कोणी शोध घेत असेल, तर त्याने तो न घेतलेला बरा. माझा शोध रक्ताचा नाही, वाटेचा आहे. कोण कोणापासून झाला एवढेच विचारले तर वंशावळ होते. कोण कोठून निघाला, का निघाला, कोणी आसरा दिला, कोणी दार लावले, पहिली मजुरी किती मिळाली, पहिली पाटी कोणी घेऊन दिली, हे विचारले म्हणजे तो इतिहास होतो. वंशावळीत परका बसत नाही. इतिहासात मात्र ज्या छत्तीसगडी शेजारणीने पणजीला पहिल्या दिवशी चूल दिली तिलाही जागा द्यावी लागते.

शिवाय घरातला एक लहान प्रश्न केवढे मोठे दार उघडतो, पाहा. पणजोबा गिरणीत कोणत्या खात्यात होते, एवढेच कोणी विचारावे. मग वाचनात येते की मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ चालत नसे; बाबासाहेबांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. म्हणजे एकाच छपराखाली घाम गाळणाऱ्यांतही खाती वेगळी होती. घरातल्या उत्तरापासून निघालो तर हे समजते, आणि मग अर्थशास्त्राच्या पुस्तकातला 'श्रमिकवर्ग' हा शब्द आपण जरा वेगळ्या नजरेने वाचू लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा: याने पोट भरते काय? नोकरी लागते काय? नाही लागत. परंतु गेली काही वर्षे महाराष्ट्रात जुन्या दप्तरांची काय धावपळ चालली आहे ती पाहा. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, गावोगाव जुन्या वह्या उघडल्या गेल्या, मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कोणाची मागणी योग्य, कोणाची अयोग्य, हा येथे विषय नाही. सांगायचे एवढेच की, जुन्या कागदाला पोटाशी जोडण्याचे काम सरकारने आणि काळाने आधीच करून टाकले आहे. आपल्याला कागद शोधावाच लागणार आहे. मग तो शोधताना केवळ शिक्का मारण्यापुरता शोधायचा, की त्याबरोबर माणूसही शोधायचा, एवढाच प्रश्न उरतो.

तर मग हे काम करायचे कसे? माझा अनुभव वर्षभराचा आहे, तो सांगतो.

म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये, घटना विचारावी. 'तुझे लग्न कोणत्या साली झाले' याला उत्तर येत नाही. 'दीक्षेच्या आधी की नंतर', 'मोवाडचा पूर आला तेव्हा तुझ्या कडेवर कोण होते' असे विचारले की उत्तर येते. आणि मोवाडचा पूर १९९१ चा हे आपल्याला ठाऊकच असते. दुसरे, प्रत्येक बाईचे माहेर विचारावे आणि तिचे माहेरचे नाव लिहावे. तिसरे, पेटीतला कोणताही कागद फेकू नये. गिरणीचा पास, घरटॅक्सची पावती, जुने रेशनकार्ड, लग्नपत्रिका, फोटोच्या मागचा शिक्का, यांतून पत्ता, वय आणि नाते कळते. चौथे, जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसिलीतली कोतवाल वही पाहावी, तीही आईकडच्या गावची सुद्धा. नोंद मोडीत असेल तर वाचणारा शोधावा, किंवा आपणच मोडी शिकावी. अवघड आहे, परंतु अशक्य नाही. पाचवे, दोन माणसे दोन तऱ्हेने सांगतील तर दोन्ही लिहावे, आपल्या मनाने एक खोडू नये. भोंगा केव्हा होई यावर आमच्या घरी अजून वाद आहे. माझ्या वहीत दोन्ही वेळा आहेत. आणि सहावे, सर्वांत महत्त्वाचे: जे सांगणाऱ्याला लिहून नको आहे ते लिहू नये. ज्यांनी आयुष्यभर अपमान गिळला त्यांना तो पुन्हा ओकायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती आठवण त्यांची आहे.

या निमित्ताने आपल्या कॉलेजपुढे मी एक सूचना ठेवू इच्छितो. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात होते. तेथे आपण श्रमदान करतो, रस्ते झाडतो, पथनाट्ये करतो. त्याच शिबिरात रोज एक तास गावातल्या दोन वृद्धांजवळ बसून त्यांची हकीकत त्यांच्याच बोलीत लिहून घेता येईल. आणि कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन वर्षांत एक वही, फक्त एक शंभर पानी वही, आपल्या घराची भरावी. घरच्यांची संमती असेल तर ती ग्रंथालयात ठेवावी, नसेल तर घरी ठेवावी. आमच्या वर्गात ऐंशीच्या वर मुले-मुली आहेत. कोणी कोष्ट्यांच्या घरची, कोणी तेलंग्यांच्या, कोणी छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची, कोणी गोंडांची. ऐंशी वह्या एका कपाटात बसतील. पन्नास वर्षांनी कोणी नागपूरचा इतिहास लिहायला बसला तर त्याला राजवाड्याइतकेच हे कपाटही उघडावे लागेल.

एम्प्रेस मिलच्या जागी आज मोठी चकचकीत बाजारपेठ उभी आहे. आमच्या वयाची मुले तेथे सिनेमा पाहायला जातात. त्यात काही वाईट नाही. गिरण्या बंद होतात, शहरे बदलतात. परंतु ज्या भोंग्यावर अर्धे नागपूर उठत होते तो भोंगा ऐकलेले कान आता थोडेच उरले आहेत. ते दरवर्षी कमी होत आहेत. पोलिश मुलांना कोणीतरी वेळेवर विचारले, म्हणून त्यांचे नाव राहिले. आमच्या म्हाताऱ्यांना विचारायला बाहेरचा कोणी येणार नाही. साहेब गेले, आणि सरकारला आपल्या रकान्यापुरतेच उत्तर हवे आहे.

या घरांत पहिल्यांदा लेखणी आली आहे ती आपल्या हातात. अर्ज भरून झाले, परीक्षा देऊन झाल्या, की तीच लेखणी घेऊन या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा. सुट्टी दोन महिन्यांची आहे. त्यांच्याजवळ किती वेळ आहे हे कोणी सांगावे?